तांबड्या फडक्यातला खून

रहस्यकथांना हलकं साहित्य म्हणून नाक मुरडणाऱ्यांचं मला हसू येतं. इंग्रजीत म्हणे या जातीच्या पुस्तकांना कागदाच्या लगद्यावरूनच नाव पडलंय. लगदा तर लगदा! लष्कर नावाच्या संस्थानी शहरातल्या आमच्या घरी त्याला हळदकुंकू वाहिलं जायचं.

याचं सगळं श्रेय माझ्या आत्याचं. ती ऐन तारुण्यात विधवा होऊन धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे राहायला आली. वडील दरबारच्या कचेरीत होते. कादंबऱ्या वाचून बायका बिघडतात, यावर त्यांची गाढ श्रद्धा. पोथीला मात्र मुभा होती. मग पुण्याहून येणाऱ्या एका मावशीच्या वळकटीतून चार-चार आण्यांचे खून आमच्याकडे येऊ लागले. कागद असा की पान उलटताना कोपरा हातात यायचा, बोटाला शाई लागायची ती वेगळी. आत्या ते पुस्तक तांबड्या फडक्यात बांधून चौरंगावर ठेवायची आणि दुपारी अगदी पोथीच्या सुरात वाचायची. आळीतल्या बायका हातात अक्षता घेऊन ऐकायच्या. गुप्तहेराने भिंतीवरून उडी मारली की कुणीतरी "हरी हरी" म्हणायचं. धर्म इतका रंजक असतो हे पाहून मीही त्या वयात फार भाविक झाले होते.

एकदा बायका दारात "उद्या समाप्ती हं" म्हणताना वडिलांनी ऐकलं. झालं! त्यांनी पुरणाचा बेत सांगितला आणि दुसऱ्या दिवशी सोवळं नेसून स्वतः ऐकायला येऊन बसले.

आत्याचं वाचन बंद झालं असतं, तर चूल आणि जपमाळ याखेरीज तिच्यापाशी काही उरलं नसतं. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं. तिने फडकं सोडलं, पानावर नजर ठेवली आणि पाठ असलेलं कृष्णजन्माचं आख्यान म्हणायला सुरुवात केली.

वडील डोळे मिटून डोलू लागले. बायकांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी शेजारच्या काकूंना राहवेना.

"अहो ताई, कृष्ण ठीक आहे, पर आखिर दिवाणजींचा खून केला कोणी?"

वडिलांनी डोळे उघडले. आधी चौरंगावरच्या पुस्तकाकडे पाहिलं, मग बहिणीकडे, बराच वेळ. ती पुस्तक मिटू लागली, तसे ते हळूच म्हणाले, "अक्का, पोथी अर्धवट ठेवू नये. वाच."

आत्याने वाचलं. पोथीचा सूर सोडून, स्वतःच्या आवाजात. तो आवाज त्या घरात इतका मोठा मी आधी कधी ऐकला नव्हता.