पुनवेला बघायची जमीन

डोंबिवलीला आगगाडी थांबू लागली आणि मला खाडीकाठी घर बांधायचं वेड लागलं. जन्माची पुंजी घालून घ्यावी अशी स्वस्त, मोकळी जमीन दलालानं दाखवली, तीही अष्टमीचा मुहूर्त काढून! मी कोरड्या मातीवर नाचत ओसरी कुठं, तुळस कुठं ते आखत होतो. बांधावर एक मिठागरवाला बसला होता; उघडा, मिठानं पाय पांढरे पडलेला. तो गालात हसला.

"शेट, अष्टमीला भरती ल्हान. खाडी निजलेली आसते. जमीन बगाची त पुनवेला या, भर दुपारी."

"खुळा आहे तो," दलाल पुटपुटला.

मी मात्र पुनवेला गेलो. त्यानं मला हाताला धरून बांधावर घेतलं आणि दूर बोट दाखवलं. "पानी त्या बाभलीपरत येल."

पाणी आलं. लाट नाही, आवाज नाही. माझी ओसरी बुडाली, तुळस बुडाली, आणि खाडी नेमकी त्या बाभळीच्या बुंध्याशी थांबली. एवढ्या खात्रीनं तर मी माझं नावही सांगत नाही!

त्यानं पाण्याला हात जोडले आणि माझ्याकडं वळून डोळा मिचकावला.

"ही मालकीण. खरेदीखत कराचं त आदी हिचा आंगठा घ्या."