खरबरीत फरशी

संत्र्याची रोपं थंडीत वाढवण्यासाठी आम्ही अमरावतीच्या घरामागे एक बंद खोली बांधत होतो. वर काचेची कौलं, आत उबेला कोळशाची शेगडी. फरशी गुळगुळीत आणि सागाचं दार आत उघडणारं, असं मी यादीत लिहून ठेवलं होतं. रोज सकाळी पाणी घालायला माझी मुलगी तिथे जाणार होती.

दारासाठी बाळापूरचा एक सुतार आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कोणत्याही दाराला हात लावण्याआधी तो ते आतून दोनदा ठोठावी. माझी यादी ऐकून त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा तिथेच खोचली.

"दार बाहेर उघडू द्या, बाई. ओलीनं लाकूड फुगते. अन् फरशी खरबरीत घ्या."

"फरशीचा दाराशी काय संबंध?"

"ढकलाले पायाले जोर पायजे." मग खाली बघत तो म्हणाला, "शेगडीच्या धुरात माही बायको फुगलेलं दार ढकलून राहिली व्हती. पाय घसरले तिचे."

मी यादीतल्या दोन्ही ओळी खोडल्या.

दार बसलं त्या दिवशी मुलीआधी मीच आत गेले. त्याने बाहेरून दार लावलं. मी ढकललं, ते हललं नाही. पाय फरशीवर रोवून पुन्हा रेटलं, तेव्हा उघडलं.

बाहेर तो दोन्ही हातांनी कडी धरून दार स्वतःकडे ओढत होता.

"अजून रंधा मारा लागते," तो म्हणाला. पण कडीवरचे हात त्याला सोडवेनात.