पेला आणि मागचं दार

लढाईच्या वर्षांत, एका दुपारी, जबलपूरला कमानिया गेटजवळ माझ्या मामांच्या दारूच्या दुकानातली सगळी गिऱ्हाइकं मागच्या दाराशी धावत आली आणि उंबऱ्यावरच थांबली.

आग लागली तर माणसं अडकू नयेत म्हणून आबकारी खात्यानं नियम केला होता. बसून पिण्याच्या दुकानाला मागे बाहेर उघडणारं दुसरं दार हवं, नाहीतर परवाना रद्द. मामांनी दार बसवून घेतलं. ते तपासायला इन्स्पेक्टर आला होता. गल्लीत उभा राहून तो ओरडला, "आग लगी है समझो! चलो, निकलो!"

मी गल्ल्यावरून उठून मागे गेलो. दार सताड उघडं होतं, पण कोणी हलेना.

"काहून थांबले बे?" मामा ओरडले. "माझा परवाना जाऊन राहिला ना!"

पुढच्या टांगेवाल्यानं हातातला पेला वर धरून नव्या दारावरही लावलेली खात्याचीच जुन्या नियमाची पाटी दाखवली : दारू बाहेर नेण्यास मनाई.

"सेठ, पेला घेऊन निघालो तर हाच साहेब धरते."

"मग पिऊन टाका!"

सगळ्यांनी एका दमात पेले रिकामे केले आणि एकदम बाहेर उसळले. इन्स्पेक्टर त्या लोंढ्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत गेला. टोपी सावरत तो हसतच परतला.

मामांचा परवाना कायम राहिला. महिन्याभरात दारावर खात्याची दुसरी पाटी लागली : आग लागल्यास पेला आत ठेवून बाहेर पडावे.