रिकामं दिलेलं भांडं

सहारला विमानतळावर जायला टॅक्सी आली तेव्हा बाबा खाली उतरलेच नाहीत. बोरीवलीच्या आमच्या सोसायटीतले सगळे खाली जमलेले, तळमजल्यावरच्या हंसाबेन तर पदर डोळ्यांना लावून उभ्या, आणि हा माणूस दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठडा धरून. शेवटी मीच परत वर गेले, पाया पडले. म्हणाले, "पोचलंस की जेव." बस, एवढंच. एकुलती एक मुलगी नवऱ्याबरोबर अमेरिकेला चाललीय आणि ह्यांना जेवणाची पडलीय. मला रागच आला. मग त्यांनी आईचा स्टीलचा डबा माझ्या हातात ठेवला, बुडाला तिचं नाव कोरलेला. तो मांडीवर घेऊन मी टॅक्सीत बसले.

आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा आमच्या घरात चूल पेटली नाही. मजल्यामजल्यावरून झाकलेली भांडी यायची. पिठलं, भात, हंसाबेनची कढी. खाली ज्याचं त्याचं नाव कोरलेलं असल्यामुळे घोळ व्हायचा नाही. घासून परत द्यायचं काम माझं. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं कधी रिकामं जात नसे, निदान साखरेचे चार दाणे तरी. मी सवयीनं हंसाबेनच्या पातेल्यात साखर घातली, तर बाबांनी माझा हात धरला. सुतकातल्या घरातून काही द्यायचं नसतं, भांडं रिकामंच द्यायचं. त्या रिकाम्या पातेल्याचं मला जे भय बसलं ते काही गेलं नाही.

आमचं अमेरिकेतलं शहर तुम्हाला नकाशात सापडायचं नाही. ओहायोत आहे, नदीकाठी. पाटीवर सिटी लिहिलंय, पण बोरीवलीच्या आमच्या एका गल्लीत त्याहून जास्त माणसं असतील. शिरीषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. एकेकाळी सगळं गाव बुटांच्या कारखान्यावर जगायचं. आम्ही गेलो तोवर तो बंद पडला होता. मेन स्ट्रीटवर दर दोन दुकानांमागे एक बंद, आणि एका बंद दुकानाच्या काचेत अजून बूट मांडलेले, सगळे डाव्या पायाचे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी आपली खिडकीतून बघत बसायची, की माणसं गेली कुठं सगळी.

तर आम्ही पोचलो त्याच दुपारी बेल वाजली. दारात समोरच्या घरातली डोरिस, मागे आणखी तीन बायका, आणि प्रत्येकीच्या हातात झाकलेलं भांडं. काचेची भांडी, वर चंदेरी कागद, आणि बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं. ती नावं मी बघितली. मला वाटलं, बाबांचं काहीतरी कळलंय ह्यांना आणि मला सांगायला आल्यात. मी दाराला धरून विचारलं, "हू डाइड?"

बायकांना काही सुधरेना. डोरिस म्हणाली, "नोबडी, हनी. यू जस्ट मूव्ह्ड इन." मग मी तिथंच पायरीवर बसून रडले. त्यांना वाटलं असणार, वेडी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिकडे संध्याकाळ धरून, मी शिरीषच्या मागे लागून हंसाबेनकडे फोन लावला. बाबांना वरून बोलावलं. धापा टाकत आले, आणि सगळं ऐकून हसत सुटले. बाबा मनापासून बोलायला लागले की मालवणीवर यायचे. म्हणाले, "जेव गो, जेव. माझ्यासाठी हंय भांडी येतली, तेव्हा तू काय हंय नसतलंस." स्वतःच्या मरणाची थट्टाच केली त्यांनी. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य माझ्याबरोबर त्या घरात राहायला आलं. भांडी घासताना, बर्फ काढताना, कधीही मागून ऐकू यायचं.

ती चार भांडी परत करता करता मला गाव कळलं. रिकामी कशी देणार? कुणाला शिरा, कुणाला पोहे, डोरिसला बटाटेवडे. वडे मात्र झकास जमले होते. तिची ती मासे आणि शेवया चीजमध्ये बुडवलेली डिश मी कशीबशी संपवली होती, मालवणी माणसाच्या डोळ्यांत पाणी येईल असा मासळीचा अपमान होता तो. पण बाई सोन्यासारखी. आयुष्यभर तिनं कारखान्यात बुटांच्या जिभा शिवल्या. तिचा नवरा वॉल्टर तिथंच कातडी कापायचा. कारखाना बंद, तरी तो रोज सकाळी गाडी घेऊन गेटासमोर जायचा, गाडीत बसून थर्मासातली कॉफी प्यायचा आणि परत यायचा. डोरिस त्याला कधी काही बोलली नाही. मला त्यात नवल वाटलं नाही, कारण संपात गिरणी गेल्यापासून आमचे बाबाही पाळीच्या वेळेला चपला घालून गॅलरीत बसायचे. परळची गिरणी कुठं, बोरीवली कुठं. त्यांना कोण हाक मारणार होतं तिथं?

डोरिसनं एकदा विचारलं, तू दरवेळी भांडं भरून का देतेस? मी म्हटलं, आमच्यात रिकामं देत नाहीत. फक्त घरात कुणी गेलं तरच देतात. तिनं मान हलवली आणि विषय तिथंच संपला. मग कितीतरी वर्षं तिची भांडी इकडे आणि माझी तिकडे अशीच फिरत राहिली.

बाबा गेले तेव्हा मला आठवा महिना होता. सकाळी हंसाबेनच्या मुलाचा फोन आला. डॉक्टरनं विमानात बसायला साफ नाही म्हटलं. चुलतभाऊ सगळं करत होता, सोसायटीतले होते. भांडी येत असणार. पिठलं, भात, कढी. मी नव्हते. बाबांनी सांगितलं होतं तस्संच झालं, आणि मला त्यांचा भयंकर राग आला, की कशाला बोललात, कशाला तोंडातून काढलंत?

शिरीषला मी बजावलं, गावात कुणाला सांगायचं नाही. मला त्यांचं "सो सॉरी" नको होतं. लग्न झालेल्या मुलीला सुतक तीन दिवसांचं. मी शेगडी पेटवली नाही. शिरीष ब्रेड आणायचा, तो तसाच पडून राहायचा. दुसऱ्या दिवशी ओट्यावर डोरिसचं भांडं दिसलं, आदल्या आठवड्यात तिनं ॲपल पाय दिला होता ते. डोळ्यांसमोर नको म्हणून मी ते घासलं, फडक्यानं झाकलं, रस्ता ओलांडला आणि तिच्या हातात दिलं. म्हटलं, थँक यू, आणि वळले.

तिनं वरचं फडकं काढलं. आत बघितलं. मग मला म्हणाली, "हू डाइड?"

मी सांगितलं. माय फादर. ती मला धरून उभी राहिली.

संध्याकाळपर्यंत आमच्या टेबलावर भांड्यांना जागा उरली नाही. डोरिसनं चार दारं वाजवली असणार. वॉल्टर स्वतः मॅकरोनी घेऊन आला, टोपी हातात धरून. मी एकेकाचं झाकण काढलं, खालची नावं वाचली आणि आईच्या डब्याच्या झाकणात वाढून घेतलं. पोटातलं पोर लाथा मारत होतं. मी जेवले.

तुम्ही तिथं राहिलेले विचारता, आता घर कुठलं गं तुझं? आणि माझ्यासारखे निघून आलेले तर तेही विचारत नाहीत. बोरीवलीची जागा गेली, हंसाबेन गेल्या. माझं रिकामं भांडं बघून काय झालं ते ओळखणारं तिथं आता कुणी नाही. इथं एका बाईला ते मी स्वतः शिकवलं, आणि शिकवताना मला पत्ता नव्हता की कशासाठी शिकवतेय.

अजूनही बेल वाजली आणि दारात कुणी झाकलेलं भांडं घेऊन उभं असलं, की आधी मी दाराला धरते. आता जायला तिकडे कुणी उरलं नाही, तरी धरते. मग मागून बाबा म्हणतात, जेव गो. आणि मी भांडं आत घेते.