अक्काच्या अंगणातली सेंट्री ड्यूटी

ऐंशीच्या दशकात मी फौजेत नाईक होतो, पोस्टिंग राजस्थानात. रजा मिळाली तसा भुसावळला उतरून सातपुड्याच्या पायथ्याशी थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे गेलो. भाची सुनंदा बाळंतपणाला माहेरी आली होती. अंगात रक्त नव्हतं तिच्या. डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलं होतं. पण अक्काच्या पाचपैकी दोन कोंबड्या आठवड्याभरात भरदुपारी गायब झाल्या होत्या.

"भाऊ, तू फौजमा शे. आते तूच देख," अक्का म्हणाली.

मी लगेच रेकी केली. शेजारचे नाना म्हणाले, रानमांजर असणार. कुंपणाबाहेर मात्र एकही माग नव्हता. डोकं चालेना. तरी मी बाभळीच्या काट्यांनी कुंपण पक्कं केलं. एक खिंडार उरलं, तिथे चुलीसाठी रचलेला पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळक्या काटक्यांचा, ढीग होता. म्हटलं, आयती तटबंदी.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गेली. मी पहाऱ्याच्या जागेवरून हललो नव्हतो. शपथेवर सांगतो, काही शिरलं नव्हतं. कावळ्यांवर संशय घेतला, अक्काच्या कुत्र्यावर घेतला. कुत्रा सारखा पऱ्हाटीवर भुंकायचा. वैतागून मी त्याला घरामागे बांधला. खरं तर मी पार गोंधळलो होतो, आणि तसं दाखवायची लाज वाटत होती.

आता दोन उरल्या. त्यांतली अंडी देणारी फक्त तांबडी.

तिसऱ्या दिवशी १३०० वाजता, म्हणजे दुपारी एकला, काठी घेऊन उभा राहिलो. तोंड रानाकडे, पाठ अंगणाकडे. पलटणीत तसंच शिकवलेलं. १३४० ला तांबडी टोपलीत ओरडायला लागली. अंडं घातल्यावर कोंबडी ओरडतेच. मी खूश झालो. मान न वळवता हाक दिली, "सुनंदा, अंडं आलं गं!"

ओरडणं वाढलं, मग एकदम थांबलं. मी वळलो. मुंगूस तांबडीला मानेला धरून पऱ्हाटीत ओढत होतं. मी धावलो. ते तिला टाकून काटक्यांत शिरलं. काटक्या उपसल्या, तर खाली बीळ, आणि बिळापाशी पिसंच पिसं. शत्रू पहिल्यापासून पेरिमीटरच्या, कुंपणाच्या आतच होता.

तांबडी मेली होती. टोपलीतलं अंडं अजून गरम होतं.

फौजेत कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली असती. अक्का एवढंच म्हणाली, "जाऊ दे भाऊ. तू बठ्ठा येळ बाहेर देखत व्हता." सगळा वेळ बाहेरच, खरं होतं.

तिने ते अंडं उकडून सुनंदाला दिलं. सुनंदाने अर्धं माझ्यापुढे धरलं. "मामा, तुम्ही सकायपासून उपाशी शेत." मला ते हातात घेववलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या ताटात अंडं नव्हतं.

मी रिटायर झालो. पलटणीच्या स्मृतिदिनाला आम्ही दोन मिनिटं उभे राहतो. गेलेल्या जोडीदारांची नावं मी मनात एकेक करून घेतो. सांगायला संकोच वाटतो, पण सगळ्यांत शेवटी तांबडीही येते. मी तिचं ओरडणं ऐकलं होतं, आणि वळलो नव्हतो.