दोन कुलपांचं चर्च

सोलापुरातल्या आमच्या चर्चला दोन कुलपं आहेत. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांमध्ये फूट पडल्यापासून एक चावी एका गटाच्या उमापसाहेबांकडे असते, दुसरी दुसऱ्या गटाच्या रणभिसे सरांकडे. झाडलोट करणारे शांतवनकाका दर रविवारी उन्हात सायकल हाणत आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे जातात. दोघंही विचारतात, "त्यानं दिली का?" सत्तरी उलटलेल्या माणसाचे पाय दुखत असतील, याचं यांना काय!

यंदा मंडळीच्या संजीवनासाठी, म्हणजे सगळ्यांची श्रद्धा पुन्हा जागी व्हावी म्हणून, सभा भरल्या. प्रवचनाला बाहेरगावचे पाळक आले. शेवटच्या संध्याकाळी उमाप आणि रणभिसे दोघांनीही गुडघे टेकले, "प्रभू, तुझा आत्मा पाठव" म्हणत ढसाढसा रडले. आज तरी एक कुलूप निघेल, असं मागच्या बाकावरच्या काकांना वाटलं असावं. ते हलकेच हसले.

सभा संपली. डोळे पुसत दोघं बाहेर आले, दोघांनी आपापलं कुलूप लावलं आणि ओढूनही पाहिलं.

पाहुणे पाळक भारावून म्हणाले, "काका, आज पवित्र आत्मा उतरला!"

काका थकून पायरीवर बसले होते. "व्हय, उतरला असंल की," ते म्हणाले, "आन् आता आतच कोंडलाय."