दोनदा वाजलेला पाऊण तास

नागपुरात डीजे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ट्रक येतो. ट्रकवर माणसाच्या उंचीचे काळे डबे, मागे धूर ओकणारं जनरेटर आणि पुढे नाचणारी वरात. प्रशिक मेश्राम हाही डीजेच होता, पण त्याच्याजवळ ट्रक नव्हता. इंदोऱ्याच्या मागे, वैशालीनगरात, एका घराच्या पहिल्या मजल्यावर त्याची भाड्याची खोली होती. तिच्यात एक लॅपटॉप, बटणांची एक पसरट मशीन, दोन स्पीकर, एक पलंग आणि तो. वय छत्तीस. लग्न झालेलं नव्हतं आणि आता कोणी विचारायलाही येत नव्हतं.

तो वाजवायचा ते टेक्नो. टेक्नोत शब्द नसतात. एक ठोका असतो, तो न थकता चालत राहतो, आणि त्याच्या आजूबाजूला एकेक आवाज येतो, घटकाभर थांबतो, निघून जातो. ऐकणाऱ्याला सवड लागते. लग्नात कोणाला सवड असते? पूर्वी तो अंकुश नावाच्या मित्राच्या डीजेवर हाताखाली होता. एकदा कोराडी रोडवरच्या एका लॉनवर, जेवणं चालू असताना, त्यानं हिंमत करून आपलं दहा मिनिटं लावलं. चौथ्या मिनिटाला नवरीचे मामा हात पुसत आले.

"भाऊ, मशीन अटकली काय?"

"नाही जी. असंच असते हे."

"असंच असते तं मंग गाणं केव्हा सुरू होते?"

अंकुश पोट धरून हसला. "प्रशिक, तू लोकायले नाचवून नाही राहिला गा, हजेरी घेऊन राहिला!"

त्यानंतर प्रशिक लॉनवर गेला नाही. पोटासाठी त्यानं एका शिकवणी वर्गाचं काम धरलं. सरांनी शिकवलेले तास ध्वनिमुद्रित होऊन यायचे. त्यातला पंख्याचा घरघराट, रस्त्यावरचे हॉर्न काढून ते साफ करून परत पाठवायचे. काम इंटरनेटवरून यायचं, इंटरनेटवरून जायचं. सरांचा आवाज तो रोज सहा तास ऐकत असे, पण सर रस्त्यात भेटले असते तर दोघांनी एकमेकांना ओळखलं नसतं. कित्येक दिवस असे जात की दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हटलं, त्यापलीकडे तोंडातून शब्द निघत नसे.

उरलेल्या वेळात तो आपलं संगीत करायचा आणि इंटरनेटवर टाकायचा. कोणत्या देशात किती जणांनी ऐकलं, ते तिथं दिसतं. पोलंड नऊ. चिली चार. जॉर्जिया नावाच्या देशात सतरा. तो देश त्यानं नकाशात शोधून काढला. भारत दोन. त्या दोनांतला एक तो स्वतः होता आणि दुसरा त्याचा जुना फोन. ऐकणारे आवडल्याचा अंगठा उमटवून जात. काय ऐकलं, कुठे कान थांबला, हे सहा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

आणि सप्टेंबरात जर्मनीहून निरोप आला. तिथल्या एका लहानशा शहरात काही पोरं मिळून इंटरनेटवर रेडिओ चालवत. त्यांच्यातल्या योनास नावाच्या माणसानं लिहिलं होतं की ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी, आमच्या दुपारी बाराला, पाऊण तास तू तुझ्या खोलीतून थेट वाजवशील का? प्रशिकनं ते पत्र चारदा वाचलं. मग जर्मनीचं घड्याळ आपल्या मागे किती ते पाहिलं. साडेतीन तास. कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकटीत त्यानं पेनानं लिहिलं : साडेतीन.

कोणाला तरी सांगावं असं फार वाटलं. त्यानं कुहीला यमुताईला फोन लावला.

यमुताई त्याची बहीण, त्याच्याहून चोवीस वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा प्रशिक सहा वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून दहावीच्या परीक्षेला सोडून येण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. कुहीजवळच्या खेड्यात तिची दोन एकर धानाची शेती.

"ताई, मी वाजवणार आहो रविवारी. जर्मनीतले लोक ऐकतीन. तू ये."

"मले काय समजते गा त्यातलं?"

"समजू नको. फक्त बसून राय."

ती बसून राहायला आली. धानाची कापणी सुरू होती, दुसऱ्या दिवशीसाठी बाया सांगून ठेवल्या होत्या, तरी आली. ठेवणीतलं निळं लुगडं नेसून, डब्यात कोथिंबिरीच्या सांबारवड्या घेऊन. जेवणं झाली. तीन वाजल्यापासून ती पलंगाच्या काठावर पाठ ताठ करून बसली.

"टेकून बस ना वं ताई."

"राहू दे. लोक पाहतीन."

"पाहत नाहीत, नुसतं ऐकतात."

"मंग तं बोलूच नको माह्यासंग," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून बसली.

एरवी तो हेडफोन लावून वाजवायचा. आज तिच्यासाठी दोन्ही स्पीकर उघडे ठेवले. साडेतीनला त्यानं ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि लॅपटॉपवरून स्टेशनशी जोडणी केली. हिरवा दिवा लागला. त्यानं ठोका सोडला.

सुरुवातीला तो एकेक आवाज मोजूनमापून आणत होता. पाच मिनिटांनी मोजणं सुटलं. मग अशी काही लय लागली की पुढचा आवाज केव्हा आणायचा हे ठरवावं लागेना. तो आपणहून येऊन उभा राहायचा. वीस मिनिटं झाली तेव्हा त्यानं तो आवाज आणला जो त्याला सगळ्यांत जवळचा होता. एकदा ताईकडे गेला असताना, धान भरडून मिळण्याची वाट पाहत बसला होता तेव्हा, त्यानं गावच्या राईस मिलचा पट्टा फोनवर टिपला होता. खटक् खटक्, आणि मध्येच पट्टा घसरल्याची शीळ. तो त्यानं तासून, खोल करून ठोक्याखाली बसवला होता. पोलंडनं तो ऐकला होता, चिलीनं ऐकला होता. कोणाला तो पट्टा वाटला नव्हता.

त्यानं सहज मान वळवली. यमुताईनं पदर तोंडावर घट्ट धरला होता, डोळे मोठे झाले होते, आणि उजव्या हाताचं बोट वर होतं. ती बोटानं खिडकीकडे, कुहीच्या दिशेनं, दाखवत होती.

प्रशिकला हसू फुटलं. मिलचा पट्टा त्यानं ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ फिरू दिला.

सव्वाचारला त्यानं शेवटचा आवाज विझवला. खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. यमुताईनं खुणेनंच विचारलं, झालं? त्यानं मान हलवली. त्यासरशी ती अशी खोकली की तिला दोन मिनिटं श्वास सापडेना. पाऊण तासाचा खोकला तिनं दाबून धरला होता. जर्मनीतल्या लोकांना ऐकू जाईल म्हणून.

"मधात आपली राईस मिल वाजली ना गा? शेजारच्या गोपिकेच्या सासऱ्याची?"

"हो ताई."

"मी म्हटलंच! तो पट्टा तसाच चिरकते. किती वर्षं झाले, बदलत नाही बुढा."

प्रशिक तिला तो भाग पुन्हा ऐकवायला मशीनकडे वळला, तेवढ्यात लॅपटॉपवर योनासचा निरोप आला. 'तू लवकर जोडलास, छान. बारा मिनिटं उरली. सगळं तयार आहे ना?'

त्याला आधी अर्थच लागेना. मग त्यानं जर्मनीतली वेळ उघडून पाहिली. तिकडे पावणेबारा वाजून गेले होते, पण बारा अजून वाजले नव्हते. हिवाळा लागला की त्या देशात सगळेजण एका रात्रीत घड्याळं तासभर मागं घेतात. ती रात्र नेमकी कालची होती. साडेतीन तासांचं अंतर आज सकाळपासून साडेचार तासांचं झालं होतं. हिरवा दिवा म्हणजे फक्त तार पोचली एवढंच; पलीकडे दार उघडलंच नव्हतं.

"काय झालं गा? तोंड काहून उतरलं?"

तिच्याशी खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. "ताई, माही वेळ चुकली. आता जे वाजवलं ते कोणी ऐकलंच नाही. साडेचारले आहे खरं."

"कोणीच नाही?"

"तूच फक्त."

यमुताईनं कपाळावर हात मारून घेतला. "आणि मी मरमर खोकला दाबून बसली!"

दोघंही हसले. पण घड्याळ चालत होतं. तिची बस सव्वापाचची, गणेशपेठहून. आता निघाली नाही तर ती चुकणार होती.

"थांब ना ताई. उद्या सकाळी जा."

"बाया येतीन ना गा सकाळी सातले. धान उभं आहे." ती पिशवी उचलत म्हणाली. "पयलेच म्हटलं असतं तं..."

"सोडून देतो तुले स्टँडवर. नाही वाजवत. तसंही..."

"पागल झाला काय? एवढे लोक वाट पाहून राहिले." तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. "एकदा ऐकलं ना मी. आता त्यायले ऐकव."

ऑटो गल्लीच्या तोंडाशीच मिळाला. तो धावत जिना चढून आला तेव्हा दोन मिनिटं उरली होती.

या वेळी हिरव्यासोबत लाल दिवाही लागला आणि कोपऱ्यात आकडा उमटला. एकतीस. मग बावन्न. मग त्र्याऐंशी. एवढी माणसं एका वेळी त्याला कधी मिळाली नव्हती. स्पीकर उघडेच राहिले होते. त्यानं तेच आवाज त्याच क्रमानं वाजवले. मिलचा पट्टा आणला, आणि नजर पलंगाकडे गेली. चादरीला ती बसली होती तिथं खळगा पडला होता. त्यानं नजर पुन्हा आकड्यावर आणली. त्र्याऐंशीचे एकोणऐंशी झाले होते. त्याला वाटलं, लोक कंटाळले. त्यानं पट्टा बंद केला आणि पुढचं घेतलं.

सव्वापाचला योनासनं लिहिलं की सुंदर झालं. आता ध्वनिमुद्रण पाठवून दे, आम्ही ते स्टेशनवर कायमचं ठेवतो. इतर कोणी काही लिहिलं नाही. आठ-दहा अंगठे आले. साडेपाचला यमुताईला फोन लावला तर लागला नाही. बस उमरेड रोडला लागली असेल.

मग तो मशीन बंद करून गॅलरीत आला. ऊन उतरलं होतं. शेजारच्या गॅलरीत रुपराव वाळलेले कपडे काढत होते. वीज खात्यातून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे गृहस्थ. दोन्ही घरांत एक भिंत सामाईक. सहा वर्षांत जिन्यावर मान हलवण्यापलीकडे बोलणं नव्हतं. प्रशिकला वाटलं, आता आवाजाची तक्रार येणार.

"आवाज जास्त झाला काका आज. माफ करा."

रुपराव चिमटे डब्यात टाकत राहिले. मग म्हणाले, "एकच दोनदा वाजवलं काय?"

"हो जी."

"पयलंवालं बरं होतं."

प्रशिक कठड्याशी सरकला. "काहून?"

"आता ते मले काय सांगता येते बाबू. ते मधात पट्ट्यासारखं फिरते ना, ते पयल्या वेळी फिरू दिलं तू. दुसऱ्या वेळी घाईत होता." त्यांनी कपडे खांद्यावर टाकले. "कुठं जायचं होतं काय?"

"नाही. कुठंच नाही."

"हं," रुपराव म्हणाले आणि आत गेले. दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

चहाला या म्हणावं, असं त्याच्या मनात आलं ते कडी लागल्यावर. मग खोलीत येऊन त्यानं दोन्ही वेळचं ध्वनिमुद्रण उघडलं आणि एकामागून एक ऐकलं. पहिल्यात पट्टा सहा मिनिटं फिरला होता. दुसऱ्यात अडीच. रुपराव बरोबर बोलले होते.

त्यानं दुसरं बाजूला सारलं. कोणीच ऐकत नव्हतं तेव्हाचं, ते पहिलं, योनासला पाठवून दिलं.